मागच्यासाठी एक

“सगये पिलं कापजो नको रे, जीवराम. मागच्यासाठी एक ठेवजो.”

धुरपदाबाईला जाऊन कितीतरी पावसाळे झाले. पण केळीच्या बुडाशी विळा लागला, की तिचा आवाज जात्यावरच्या ओवीसारखा जीवरामच्या कानात घुमायचा. घड उतरला की थोरली केळ संपते. बुडाशी फुटलेलं, राखलेलं पील तिची जागा घेतं. जीवरामने जन्मभर एक पील राखलं. आईचा शब्द मोडला नाही, असं तो रावेरात छाती काढून सांगायचा.

आज बांधावर बोअरची गाडी उभी होती. आधीचे तीन बोअर उपसून उपसून कोरडे पडलेले, तोंडावर दगड ठेवलेले. हा चौथा, सगळ्यांत खोल जाणारा.

“आबा, राहू द्या. निम्मी केळ मोडून टाकू,” एकुलता एक मुलगा हेमराज म्हणाला.

“अन् माह्या नातवानं काय खडकात ज्वारी पेरावी? हे सगयं त्याच्यासाठीच तर चालू हाये!”

त्याने नारळ सुनेच्या, मोहिनीच्या हाती दिला. बहीण बेबाबाई फणकारली, “भाऊ, नऊ वर्सं कूस उजवली नाही, अन् हिच्या हातून नारळ?”

“गप बस, बेबा. माह्या नातवाची माय होनार हाये ती.”

मोहिनीने पदर सावरला. बोलणं गिळायची तिला सवय होती. नारळ फुटला, गाडी धडधडू लागली. त्या धडधडीत धुरपदाबाई कुठे ऐकू येणार?

दुपार कलली, आणि पांढऱ्या भुकटीचा चिखल झाला. मग फवाराच उडाला. पाणी कोमट होतं, त्याला दगडाचा वास होता. जीवराम पोरासारखा भिजला, नाचला. ओंजळ भरून सुनेपुढे आला. पाणी बोटांतून गळत होतं.

“घे, पोरी. देवानं पानी दिलं, आता लेकरूबी देईन.”

मोहिनीने हात पुढे केला नाही. ती त्या तीन दगडांकडे पाहत राहिली. हेमराजने मान खाली घातली. तिला अडवलं मात्र नाही.

“देवाकडं काय मागता, आबा? दरवेळी नातवाचं नाव घेतलं, अन् त्याच्याच वाटचं पाणी उपसलं. म्हणून तर आम्ही त्याला या घरात येऊच दिलं नाही.”