हसू नका, आजी

"आजी, दात दिसतायत."

"माझेच आहेत," म्हातारी म्हणाली. "कवळी नाही."

पासपोर्टच्या खिडकीत बसलेल्या प्यो जोंग-गूनं फोटो पुन्हा उजेडात धरला. फोटोत मा बोक-सुन आजी तोंडभर हसत होत्या. पासपोर्टच्या फोटोत हसू चालत नाही. एरवी त्यानं तो काचेखालून परत सरकवला असता आणि पुढचा नंबर पुकारला असता.

पण हा आठवडा वेगळा होता. दरवर्षी या सुमाराला प्रांताकडून कुणीतरी साध्या माणसासारखं येतं, मुद्दाम अडेलपणा करतं आणि कारकून किती गोड बोलतो ते पाहून गुण देतं. प्यो सलग दोनदा तळाला होता. "आणखी एकदा असं झालं, तर नामुक बेटावर बदली," असं बांग साहेबांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं. नामुकला बोट जाते ती समुद्राच्या मर्जीनं. प्योला तर बंदरावर नुसतं उभं राहिलं तरी मळमळायचं.

शेजारच्या खिडकीतली मि-रान त्याच्याकडे झुकून कुजबुजली, "हीच ती. पायांकडे बघ. एवढे कोरे बूट घालून कुठली आजी कचेरीत येते?"

प्योनं आजींचा अर्ज पाहिला. पत्रव्यवहाराचा पत्ता गावातलाच, 'मुलाच्या घरी' असा होता. फारच साधा. संशय येण्याइतका साधा.

तो उठून उभा राहिला. "आजी, बसा ना. बार्लीचा चहा आणू?"

"आण की."

दुसऱ्या दिवशी आजी नवा फोटो घेऊन आल्या. ओठ मिटलेले, पण गाल फुगलेले.

"हसले नाहीये हं," त्या म्हणाल्या.

"डोळे हसतायत, आजी."

"आता डोळ्यांना काय टाका घालू?"

त्याच्या पुढच्या दिवशीच्या फोटोत त्यांनी कपाळाला अशा आठ्या घातल्या होत्या, की विमानतळावरचा शिपाई घाबरला असता.

"रागावूनही चालत नाही?"

"सरकारला मधलंच काहीतरी लागतं, आजी."

रांगेतला एक ट्रकवाला वैतागून म्हणाला, "साहेब, आजींना दत्तक तरी घ्या, नाहीतर आमचा नंबर तरी घ्या."

पूर्वीचा प्यो असता तर चांगलाच खेकसला असता. त्यानं ट्रकवाल्यालाही चहा आणून दिला. मि-राननं हळूच अंगठा वर केला.

जेवणाच्या सुट्टीत प्यो स्वतः आजींना घेऊन समोरच्या फोटो स्टुडिओत गेला. फोटोवाला कॅमेऱ्यामागून कितीही विनवू दे, 'हसू नका' म्हटलं की आजींना आणखी हसू फुटायचं. शेवटी प्यो त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"आजी, माझ्याकडे बघा. मी चाळिशीला आलो. लग्न झालेलं नाही."

आजी हसल्या.

"आई गेली. घरी गेलं की दिवा लावायलाही कुणी नाही."

हसू थोडं ओसरलं.

"पाकिटातल्या शेवया उकळतो आणि पातेल्यातूनच खातो."

"किमची तरी घरी मुरवलेली?"

"दुकानातली."

आजींचा चेहरा क्षणात दगडासारखा झाला. फोटोवाल्यानं बटण दाबलं.

परत येताना आजी त्याचा हात धरून रस्ता ओलांडत होत्या. "घर स्वतःचं आहे?"

"भाड्याचं."

"दारू?"

"सणासुदीला."

"चिडतोस का रे लवकर?"

"पूर्वी चिडायचो," प्यो म्हणाला. इथं खोटं बोलणं त्याला धोक्याचं वाटलं.

"आणि बोट लागते का तुला?"

प्यो सावध झाला. म्हणजे हिला बदलीचंही ठाऊक होतं. कुणीतरी तिला सगळं सांगूनच पाठवलं होतं. आता एक शब्द चुकला की संपलं. त्यानं चेहरा शक्य तेवढा हसरा केला.

"लागते थोडी. पण बेटावरही माणसंच राहतात ना, आजी? कुणीतरी त्यांचं काम करायलाच हवं. मला पाठवलं, तर मी आनंदानं जाईन."

आजी थांबल्या. त्याच्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "शहाणा आहेस."

पासपोर्ट तयार झाला, तेव्हा प्योनं खिडकीबाहेर येऊन तो त्यांच्या हातात दोन्ही हातांनी, कमरेत वाकून दिला. आजींनी पानं उलटून पाहिली, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि निघून गेल्या. "पैकीच्या पैकी!" मि-रान म्हणाली. त्या संध्याकाळी प्योनं अख्ख्या विभागाला तळलेली कोंबडी खायला घातली.

दोन दिवसांनी बांग साहेबांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं.

"यंदाची तपासणी रद्द झाली," ते म्हणाले. "वरून खर्च कापला. मला आधीच कळलं होतं. पण तुम्ही सगळे इतके छान वागत होतात, म्हटलं, कशाला सांगा?"

प्यो मटकन खुर्चीत बसला. मग त्याला हसू आलं, आणि ते आवरेना. "म्हणजे साहेब, तपासायला कुणीच आलं नव्हतं? आणि मी तळाला गेलोच नाही?"

"नाही गेलास."

"मग नामुक बेट टळलं!"

तेवढ्यात दार ढकलून मा बोक-सुन आजी आत आल्या. बांग साहेब लगबगीनं उठले आणि त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. "या, या, सरपंचबाई. मग, काय ठरलं तुमचं?"

आजींनी प्योला एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं.

"जिल्ह्यातल्या सगळ्या कचेऱ्या फिरून आले, साहेब," त्या म्हणाल्या. "आमच्या नामुकच्या कचेरीला हाच मुलगा पसंत आहे."