ताजी बुरशी

"आज सकाळचीच आहे. ओढ्याकाठच्या पडलेल्या खोडावर होती." नवऱ्याने डबी टेबलावर ठेवली आणि तो हात धुवायला गेला.

डबीत सालीचा तुकडा होता आणि त्यावर मोहरीएवढ्या पिवळ्या वाट्या. ओल्या, टवटवीत. पेला बुरशी. मेलेल्या लाकडांवरच्या असल्या बुरशा ओळखण्यातच दोघांचा संसार झाला होता. बायकोने मायक्रोस्कोपचा दिवा लावला, पण तिची नजर आधी गेली ती दाराशी काढलेल्या त्याच्या बुटांकडे. ओढ्याकाठी जाऊन आलेले बूट कोरडे ठणठणीत होते.

कुठेतरी पाणी मुरत होतं. इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून रोज जंगलात कोण जातं? त्यात परवा शेजारणीने त्याला बसस्टॉपच्या बाकावर बसलेलं पाहिलं. "कुणाची तरी वाट बघत होते बहुतेक," शेजारीण म्हणाली, आणि तिखटमीठ लावायचं काम त्या 'बहुतेक'वर सोपवून निघून गेली.

एक वाटी ब्लेडने उभी चिरून बायकोने ती काचपट्टीवर पाण्यात ठेवली. या रंगाच्या दोन बुरशा नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. आत डोकावल्याशिवाय खरं कळत नाही. बीजाणू लांबट होते, ते ठीक. पण त्यांच्या आजूबाजूच्या बारीक तंतूंमध्ये चकाकणारे थेंब दिसायला हवे होते, त्यांचा पत्ताच नव्हता. ते थेंब जिवंत बुरशीतच असतात. ती मेली की विरून जातात. मग पाण्यात भिजवून वाटी कितीही टवटवीत करा, थेंब काही परत येत नाहीत.

म्हणजे ही घरातल्या नमुन्यांच्या कपाटातली. तिनेच कधीतरी वाळवून ठेवलेली.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं बोलला, ते एक वेळ राहू दे. पण आधी थेंब बघायचे, हे तिला शिकवलं कुणी? यानेच. लग्नाआधी, याच मायक्रोस्कोपवर. आणि आता तिच्याच डोळ्यांत धूळफेक! इतकी खुळी समजतो बायकोला?

"ताजी आहे ना?" तो टॉवेलला हात पुसत दारात उभा होता.

"तुम्हीच बघा."

तो वाकला. फोकस पुढे-मागे करत बराच वेळ बघत राहिला.

"सुरेख," तो म्हणाला. "परीक्षा घेतेस होय माझी? अगदी ताजी आहे."

"थेंब दिसले?"

"म्हणजे काय!"

चोराच्या मनात चांदणं, म्हणतात. तिने त्याचा चेहरा निरखून पाहिला. तिथे चांदणंबिंदणं काही नव्हतं. तो नुसता तिच्याकडे बघत होता, उत्तर बरोबर आलं की नाही ते तिच्या चेहऱ्यावर शोधत. तिला कसंसंच झालं. पण राग अजून गेला नव्हता.

"उद्या मी पण येते तुमच्याबरोबर ओढ्यावर," ती म्हणाली. आता कसा सापडतो, बघू.

तो दचकला नाही. उलट त्याने येऊन तिचा हातच धरला, घट्ट.

"येशील? नक्की?" तो म्हणाला. "बसस्टॉपपासून कुठल्या बाजूला वळायचं, ते तुला आठवतं ना गं?"