अकराव्या दिवसाची सुई

उपचाराच्या दहाव्या दिवशी वैजयंतीच्या आईने गच्चीवर बसून कुरडया घातल्या. फुप्फुसातली गाठ विरली होती. रोगाशी लढणाऱ्या पेशींवरचे ग्राही आपलं शरीर ओळखतात आणि त्या पेशींना आवर घालतात. ते दहा दिवस झोपवले की मोकाट पेशी गाठ खाऊन टाकतात. अकराव्या दिवशी सुई टोचून ग्राही जागे करायचे, एवढंच पथ्य.

पण अकराव्या दिवशी डॉक्टर टिपणीस पुतण्याच्या लग्नात होते आणि सुईची पेटी त्यांच्याच अंगठ्याच्या ठशाने उघडायची. वैजयंतीने फोन हातात घेतला तेव्हा आई म्हणाली, “शुभकार्यात कशाला त्रास? उद्या येतील.” वैजयंतीने फोन ठेवला. ते आले तोवर आईच्या पेशींनी आईचंच हृदय पोखरलं होतं.

सहा वर्षांनी त्याच दवाखान्यात ती सुई परिचारिका वैजयंतीच्या हातात होती आणि खाटेवर टिपणीस होते. त्यांचा अकरावा दिवस होता.

“सिस्टर, बारा वाजले. उशीर का?”

तिने स्टूल ओढलं आणि सुई मांडीवर ठेवून बसली. “कुणाच्या तरी घरी लग्न असेल.”

“थट्टा करता? छातीत धडधडतंय माझ्या.”

“माझ्या आईच्याही धडधडत होतं. कुमुदिनी रेगे. आठवतात?”

टिपणिसांनी पुढे केलेला दंड हळूच मागे घेतला. “तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“आज बोलते. आईला तुम्ही मारलंत, डॉक्टर, आणि फोन न करून मी तुम्हाला मदत केली. आज पुन्हा मीच मदत करू म्हणता?”