चवीपुरतं मीठ

मटारची शेंग कानाशी धरून आचाऱ्याने टचकन मोडली आणि आवाज ऐकून मान डोलावली.

"अहो बुवा, मटार खायचे असतात, ऐकायचे नसतात!" भाजीवाली म्हणाली. "दोन दाणे तोंडात टाका की. नुसती साखर आहे."

"तुझ्यावर विश्वास आहे गं बाई," म्हणत त्याने शेंगा पिशवीत भरल्या.

तोंडात टाकून कळणार होतं काय, कपाळ! थंडीत घरात ताप शिरला आणि नवरा-बायको दोघंही अंथरुणाला खिळली. ताप गेला, पण जाताना आचाऱ्याची चव आणि वास घेऊन गेला. मीठ काय नि साखर काय, त्याच्या जिभेला दोन्ही वाळूच. ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. आंधळ्या ड्रायव्हरच्या गाडीत कोण बसेल?

आणि उद्या, रविवारी, हॉटेलवाल्या बाई जेवायला येणार होत्या. नाक्यावर त्यांचं नवं हॉटेल उघडायचं होतं. जेवण पसंत पडलं तर तिथला भटारखाना त्याच्या ताब्यात येणार होता. जुनं हॉटेल बंद पडल्यापासून तो घरी बसून होता, आणि बसून बसून त्याचा जीव आंबून गेला होता.

पण बाजार असा फुलला होता की त्याला स्वतःचं दुःख आठवायला फुरसत मिळेना. गाजरं बोटाएवढी, मातीसकट. एका म्हाताऱ्याकडे ओल्या फडक्याखाली झाकलेली ताजी अळंबी. मासेवालीने बर्फाच्या तळाशी एक मासा लपवून ठेवला होता, तो त्याने डोळ्यांची चमक बघून बरोबर हुडकला. हात आणि डोळे अजून शाबूत होते. शेवटी स्ट्रॉबेऱ्या दिसल्या, तेव्हा पिशवीत जागा नव्हती. मग त्या टोपीत घेतल्या.

जिन्यात शेजारचा टेलर भेटला.

"मास्तर, अंगाने सुटलात बरं का!" आचारी म्हणाला. "स्वतःचीच विजार उसवावी लागणार आता."

"हवा मानवतेय," टेलरमास्तर पुटपुटला आणि लगबगीने खाली उतरला. एरवी गप्पिष्ट माणूस, पण हल्ली आचारी दिसला की त्याला कामं आठवत.

दुपारी मटारच्या सूपला उकळी आली. आचाऱ्याने वाटीत थोडं काढलं.

"अगं, जरा चाखून बघ."

बायको वाटी घेऊन मागच्या गॅलरीत गेली. पूर्वी ती शेगडीशीच उभी राहून, फुंकर मारत चाखायची. हल्ली म्हणे स्वयंपाकघरात नाना वासांनी तिची जीभ गोंधळते, मोकळ्या हवेतच खरी चव कळते. असेल बुवा. वयाबरोबर माणसाला नखरे सुचतात.

शेजारच्या गॅलरीत टेलरमास्तरचं मशीन खडखडत होतं. ते जरा थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. बायको रिकामी वाटी घेऊन आत आली.

"चिमूटभर मीठ हवंय. आणि पुदिना फार झालाय, मटार दिसेनासे झालेत."

"एवढं बारीक कळतं तुला?"

"मग! फुकट का इतकी वर्षं तुमच्या हातचं खातेय?"

सोन्याची जीभ आहे हिची, असं त्याच्या मनात आलं. इतक्या भाबड्या बाईला आपण फसवतोय याची त्याला लाज वाटली.

रविवारी हॉटेलवाल्या बाई आल्या. सूप प्यायल्या, लिंबू-लोण्यातला मासा खाल्ला, अळंबी दुसऱ्यांदा मागून घेतली. आचाऱ्याचा जीव टांगणीला लागला. अखेर बाईंनी पावाच्या तुकड्याने बशी पुसून घेतली आणि म्हणाल्या, "उद्यापासून या."

आनंदाने उडी मारायची ती वेळ. पण बायको समोर हसत उभी होती आणि त्याला ते हसू बघवेना.

"बाई, एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "मला चव कळत नाही. थंडीतल्या तापापासून. हे सगळं हिच्या जिभेवर चाललंय."

बायकोच्या हातातला चमचा खाली पडला. बाईंनी आळीपाळीने दोघांकडे बघितलं आणि त्या खो खो हसत सुटल्या.

"अहो, मग अडलंय कुठे? दोघंही या! हात तुमचे, जीभ यांची. पगारही दोघांना."

बाई गेल्यावर आचारी खालमानेने उभा राहिला. "रागावलीस?"

"मला कधीचंच ठाऊक होतं," बायको म्हणाली. "नासलेलं दूध घटाघटा प्यायलात ना, तेव्हाच कळलं."

"अगं, पण ते दूध तूच तर दिलं होतंस."

"दिलं असेल," असं म्हणून तिने स्ट्रॉबेऱ्यांची वाटी उचलली आणि ती गॅलरीकडे वळली. "यांच्यावर साखर पुरेशी पडलीय का, बघून येते."

मशीनची खडखड थांबली. आचाऱ्याचे डोळे भरून आले होते. केवढी मोठ्या मनाची बायको, सारं माहीत असून एका अक्षराने बोलली नाही! तिचे हात हातात घ्यावेत म्हणून तो तिच्या मागोमाग गॅलरीच्या दारापर्यंत गेला.

ती कठड्यावरून पलीकडे वाकली होती आणि टेलरमास्तर चमच्याने वाटी खरवडत होता.

"साखरेचं राहू द्या, मास्तर," ती हलक्या आवाजात म्हणत होती. "माझी चवही त्याच तापात गेली, हे आता कुठे सांगत बसू? तुमचं मशीन हॉटेलच्या मागच्या खोलीत मावेल का, तेवढं बोला."