काट्यावरचं शेवटचं वजन

सडक अर्जुनीची आमची राईस मिल विकली. आज तिचा शेवटचा दिवस.

वजनकाट्याचा प्रोग्राम बाबांनीच लिहिलेला. 'बंद' दाबलं तरी तो पुढच्या वजनाची वाट पाहत अडून बसे. वायर ओढली, तर दिवसभराची नोंद बिघडे. म्हणून बाबा रोज संध्याकाळी 'बंद' दाबून मला खांद्यावर घेत आणि काट्यावर उभे राहत. वजन पोचलं की तो निमूट बंद होई.

बाबा जाऊनही आता वर्षं झाली.

"ताई, 'बंद' दाबलं, चढ काट्यावर!" भाऊ धर्मेंद्र आतून ओरडला.

मी चढले. कोंड्याचा तोच गोडसर वास आला.

"झाला बंद. पण काऊन वं ताई, एकशे वीस किलो? तुयासोबत कोन उभं आहे?"

मी खाली पाहिलं. माझे पाय काट्याला टेकलेलेच नव्हते.