ड्रॉइंगचे सर

“हलू नकोस!” अनंत ओरडला.

कुंदा हलली नव्हती. ती खिडकीशी तिरकी बसली होती, अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा काळोखात. अनंतने स्टुलावर ठेवलेल्या बॉक्स कॅमेऱ्याची कळ दाबली आणि श्वास सोडला. आजचा फोटो झाला. कुंदाने पदर सारखा केला, वह्यांची पिशवी उचलली आणि ती शाळेत शिकवायला निघून गेली.

पंचावन्न सालची दिवाळी झाल्यापासून मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत रोज सकाळी हेच चाललं होतं. अनंत रेगे सरकारी कचेरीत कारकून होता. गवयाला जसा रियाज, तसा फोटोग्राफरला रोजचा एक फोटो, असं त्याला ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं. त्याच आठवड्यात त्याने सेकंडहँड कॅमेरा आणला. रोज फोटो काढायचा तर रोज समोर बसणारं माणूस हवं. धाकटी बहीण घरातच होती. ती लग्नाचीही होती, आणि स्थळांना पाठवायला तिचा फोटो लागणारच होता.

कुंदाने लग्न इतक्यात नको म्हणून सांगितलं होतं. रेडिओवरचा हवामानाचा अंदाज ऐकावा तसं ते ऐकून घरची मंडळी आपापल्या कामाला लागली होती.

पहिला रोल धुऊन आला. कुंदा म्हणाली, “दादा, माझ्या डोक्यातून खांब उगवलाय बघ.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

दोन-चार दिवसांनी कुंदा शाळेतून आली आणि म्हणाली, “ते फोटो आमच्या ड्रॉइंगच्या सरांना दाखवले. म्हणाले, हात चांगला आहे, पण सावली शिकायला हवी.”

अनंत खुर्चीत ताठ झाला. “असं म्हणाले? चांगला म्हणाले?”

तेव्हापासून सरांचे धडे सुरू झाले. रोल संपला की कुंदा फोटो शाळेत न्यायची आणि पुढचा धडा घेऊन यायची. अर्धा चेहरा काळोखात ठेव. सूर्य माणसाच्या पाठीशी घे. माणूस लांब उभं कर, भोवतालची जागा बोलू दे. अनंत शब्दन् शब्द पाळायचा. रविवारी त्याने कुंदाला मिठागराच्या बांधावर उभं केलं आणि स्वतः इतका मागे गेला की तिला ऐकू जायला त्याला ओरडावं लागलं. कचेरीत तो ‘आमचे सर असं म्हणतात’ असं बोलू लागला. एकदा भेटायला येतो म्हणाला, तर कुंदा म्हणाली, “सर कुणाला भेटत नाहीत रे.”

“खरा कलावंत!” अनंत म्हणाला.

हेच फोटो भाऊमामा स्थळांकडे नेत होते आणि उत्तरं घेऊन येत होते. ठाण्याच्या मंडळींनी चेहऱ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाला काही झालंय का, म्हणून विचारलं होतं. गिरगावकरांनी मुलगी फारच काळी म्हणून नकार दिला होता. त्यांच्या फोटोत सूर्य पाठीशी होता. दादरच्यांनी मात्र कौतुक केलं होतं. “मिठाचे ढीग झकास आलेत,” असा त्यांचा निरोप होता. “ह्यात मुलगी कुठे आहे?”

आई, जानकीबाई, कातावल्या. “अरे, तिला सरळ स्टुडिओत ने ना!”

“स्टुडिओवाला सगळ्यांना एकाच रंगवलेल्या पडद्यापुढे उभं करतो. ही कला आहे, आई.”

“तुझ्या कलेशी लग्न कोण करणार?”

असं म्हणाल्या आणि जानकीबाई एकदम थांबल्या. त्यांचा आवाजच बदलला. “काय रे, हे तुमचे सर एकटेच असतात का?”

“असावेत. त्यांच्या घरच्यांबद्दल कधी ऐकलं नाही.”

“मुलीचे एवढे फोटो मागून घेतो. निरखून बघतो. आणि आम्ही मेले दादर-ठाण्याला वणवण करतोय!”

अनंतला गहिवरून आलं. गुरू आणि मेहुणा एकाच माणसात!

कुंदाला काही न सांगता शनिवारी दोघं शाळेत गेली. अनंतने इस्त्रीचा कोट घातला होता. जानकीबाईंच्या हातात नारळ आणि पेढे होते. मुख्याध्यापिका वसुधाबाईंनी त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि सगळं ऐकून घेतलं. मग त्या बुचकळ्यात पडून म्हणाल्या, “ड्रॉइंगचे सर? अहो, ते नोकरी सोडून गावी गेले, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तो वर्ग तुमची कुंदाच घेते.”

वर्ग व्हरांड्याच्या टोकाला होता. भिंतीवर अनंतचे फोटो ओळीने टाचले होते. मुली ते बघून पेन्सिलीने सावल्या भरत होत्या. कुंदा फळ्याशी उभी होती. दारातला नारळ बघून तिला काय ते कळलं. तिने मान खाली घातली नाही.

“आणि लग्न गं?” जानकीबाईंनी विचारलं.

“नको म्हटलं होतं, आई.”

जानकीबाई शेवटच्या बाकावर मटकन बसल्या. आपली मुलगी हे म्हणाली होती, एवढं त्यांना आज आठवलं.

अनंतचे कान लाल झाले होते. इतके महिने आपल्याला बनवलं! तो तरातरा पुढे गेला आणि भिंतीशी अडखळला. मिठागराच्या फोटोपुढे एक मुलगी खोडरबर हातात धरून तल्लीन उभी होती. शेजारणीला सांगत होती, “अगं, हे ढिगावरचं ऊन कागदावर उतरतच नाहीय.” अनंतने वाकून आधी तिचा कागद बघितला, मग आपला फोटो.

मग त्याने आईच्या हातातला नारळ घेतला, कुंदाच्या टेबलावर ठेवला आणि खाकरून विचारलं, “बाई, उद्या उजेड कुठल्या बाजूने घेऊ?”