पेन खाली

तर्कशास्त्राच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. तिसऱ्यांदा.

प्राचार्यबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. गणिताचे सर हसू दाबायला चहाचा कप तोंडाशी धरून बसले.

कॉलेज नावाजलेलं. इथल्या एका जागेसाठी आईबाप जिवाचं रान करत. कुणाची ओळख किंवा वशिला चालू नये म्हणून इथली रीतच वेगळी होती. मुलं शेजारच्या खोलीत उत्तरं लिहीत आणि ग्रंथपाल ती सगळी एकाच सपाट आवाजात वाचून दाखवत. ना नाव, ना अक्षर, ना आवाज. तरीही उत्तर आपल्या माणसाचं वाटलं, तर परीक्षकानं पेन खाली ठेवायचं, गुण द्यायचे नाहीत. मग त्या मुलाला उरलेल्या दोघांच्या गुणांवर भागवावं लागे, आणि तेवढ्यावर इथे सहसा कुणाला जागा मिळत नसे.

यंदा बाईंची लेक परीक्षेला बसली होती. प्रश्न होता, तुमच्या यशात तुमचं स्वतःचं किती?

पहिलंच उत्तर सुरू झालं आणि बाईंनी त्याची मांडणी ओळखली. आधी समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडायची, मग आपली. रोज संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्यांनी लेकीला हेच तर शिकवलं होतं. क्लासवाले समोरच्याला बोलूच देऊ नका म्हणतात. आपल्याच हातानं पोरीची जागा घालवतोय हे कळत होतं, तरी त्यांनी पेन ठेवलं.

थोड्या वेळानं दुसरं उत्तर आलं. तीच मांडणी. मघाचं तिचं नव्हतं की काय? पुन्हा पेन खाली. आणि आता हे तिसरं. म्हणजे दोन परक्या पोरांचं तरी आपण नुकसान केलं.

ग्रंथपालांनी घसा खाकरून पुढचं उत्तर उचललं.

"माझ्या यशात माझं थोडंच. विचार कसा करायचा हे मला मैत्रिणीनं शिकवलं. तिला तिची आई संध्याकाळी शिकवते, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती जिन्यात बसून आम्हा सगळ्यांना शिकवते. आम्ही तिला वेड्यात काढलं. अगं, आम्ही तुझ्याच जागेवर टपलोय. तर म्हणाली, अशी आई मिळाली यात माझं काय कर्तृत्व? तेव्हापासून आम्ही तिची आई वाटून घेतली आहे."

सपाट आवाज शेवटच्या वाक्याला जरासा हललाच.

बाईंनी मागची तिन्ही उत्तरं पुन्हा वाचायला सांगितली. यातलं आपल्या लेकीचं कोणतं हे आता खरंच ओळखता येत नाही, तेव्हा गुण द्यायला हरकत नसावी, असं त्यांनी चाचरत मांडलं. प्राचार्यबाईंनी मान डोलावली. गणिताच्या सरांना मात्र राहवेना.

"मॅडम, तुम्हाला मुली तरी किती?"

बाईंनी पदरानं डोळे टिपले.

"सकाळपर्यंत एकच होती."